भिंतीतली माया

माझे भावोजी लोकांची घरं दुरुस्त करून देतात. म्हणजे तसं ते सांगतात. प्रत्यक्षात भिंत गवंडी बांधतो, नळ नळवाला बसवतो, फरशा फरशीवाला लावतो, दरवाजा सुतार टांगतो आणि रंग रंगारी देतो. भावोजी या सगळ्यांच्या मधोमध पांढराशुभ्र शर्ट घालून उभे राहतात आणि ‘होऊन जाईल’ म्हणतात. त्यांच्या कार्डावर ‘जनरल कॉन्ट्रॅक्टर’ असं छापलं आहे. त्यातला ‘जनरल’ मला पहिल्या दिवसापासून पटत आला आहे, कारण भावोजी सगळं जनरलच बोलतात.

त्यांचा तो शर्ट हा स्वतंत्र विषय आहे. एवढी वर्षं चुना, सिमेंट आणि रंगात वावरून त्यावर एक ठिपका उडालेला मी पाहिला नव्हता. शर्ट धुण्याचं श्रेय माझ्या ताईचं, ठिपका न उडण्याचं सर्वस्वी भावोजींचं. कमरेला एक पिवळी टेप अडकवलेली असते. ती उघडलेली कुणी पाहिल्याचं ऐकिवात नव्हतं. खिशात दोन फोन. एकावर ग्राहक विचारतात, ‘माणसं कधी येणार?’ दुसऱ्यावर माणसं विचारतात, ‘आम्ही कधी येऊ?’ या दोघांची गाठ पडू न देणं हाच त्यांचा धंदा, असं मला बरेच दिवस वाटायचं.

या धंद्यात ते आले तेही तसेच आले. लग्न झालं तेव्हा ते एका रंगाच्या दुकानात डबे ढवळायचे. दुकानाच्या मालकाने घर बांधायला काढलं आणि त्याचं गवंड्याशी असं बिनसलं की दोघं एकमेकांशी बोलेनात. मालक भावोजींना म्हणायचा, ‘त्याला सांग, खिडकी खाली घे.’ गवंडी म्हणायचा, ‘त्याला सांग, खिडकी त्यानेच वर मागितली होती.’ भावोजी उन्हातान्हात निरोप पोचवत राहिले आणि दोन्हीकडचा चहा पीत राहिले. घर उभं राहिलं तेव्हा त्यांची खात्री पटली होती की ते त्यांनीच बांधलं. ती खात्री अजून उतरलेली नाही.

पुढे त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली. काम मिळालं की पहिल्याच दिवशी फोडाफोड करायची. सामान आलेलं नसो, गवंडी दुसरीकडे अडकलेला असो, पण बाथरूम किंवा स्वयंपाकघर फोडून ठेवायचं. ‘एकदा फोडलं की घर आपलं,’ असं ते ताईला खुशीत सांगायचे. आणि ते खरंच आहे. ज्याच्या संडासात दगडमातीचा ढीग पडलाय तो माणूस दुसरा कॉन्ट्रॅक्टर कुठून शोधणार? तो बिचारा सकाळ-संध्याकाळ भावोजींनाच फोन लावणार. मग भावोजी आवाज साखरेत घोळून म्हणणार, ‘होऊन जाईल, साहेब. घरचंच काम समजून करतोय.’

घरचं काम ते कसं करतात हे ताईच्या घरी जाऊन पाहावं. स्वयंपाकघरातल्या नळाला लग्नानंतर लवकरच एक चिंधी बांधली गेली. ती चिंधी अजून तिथेच आहे, फक्त ताई ती मधून मधून धुते.

त्यांच्या हाताखालच्या लोकांनीही त्यांचाच धडा गिरवला आहे. गवंड्याची भिंत वाकडी आली की तो म्हणतो, गिलाव्यात झाकलं जाईल. गिलाव्याला भेगा पडल्या की गिलावेवाला म्हणतो, पुट्टीत झाकलं जाईल. पुट्टीवाला रंगावर ढकलतो आणि रंगारी म्हणतो, इथे कपाट येणारच आहे. प्रत्येकाची भिस्त पुढच्यावर. सगळ्यात शेवटी येतात ते घरात राहणारे, आणि त्यांना पुढे ढकलायला कुणी उरलेलं नसतं. म्हणून मी भावोजींचं नाव झाकणशेठ ठेवलं होतं. ताईसमोर म्हणत नसे. आईसमोर मुद्दाम म्हणायचे.

आईला ते खपत नसे. जावयावर तिचा भारी जीव. ‘माणूस गोड बोलतो, त्याला काय तोटा आहे?’ ती म्हणायची. मी कपडे शिवते, दिवसभर मशीनवर वाकून बसते आणि गोड बोलायला मला फुरसत नसते. त्यामुळे या घरात गोडव्याचा सगळा मान भावोजींकडे गेला होता.

अशात आई पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही पूर्वीसारखा धरेना. डॉक्टर म्हणाले, घरात व्हीलचेअर वापरा. आईचे हात दणकट. खुर्ची तिची ती ढकलायला चटकन शिकली. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, भिंतीला दांडा असला की तिचं ती जमवायची. अडत होतं एकाच ठिकाणी. आमच्या बाथरूमला उंबरा उंच आणि दार इतकं अरुंद की धडधाकट माणूसही बादली घेऊन तिरका आत शिरायचा.

तेव्हा आईने आम्हा सगळ्यांना बसवून एकच गोष्ट मागितली. ‘मला आत एकटीला जाता यायला पाहिजे. दार लावून. बाकी काही नको मला.’

हे ती उगाच म्हणत नव्हती. काम होईपर्यंत तिला ताईकडे ठेवायचं ठरलं. तिथे प्रत्येक वेळी ताई तिला धरून न्यायची, बसवायची आणि पाठ करून उभी राहायची. पोटची पोर, पण आईला त्याची एवढी लाज की तिने पाणी पिणंच कमी केलं. पेला तोंडाला लावायची आणि दोन घोटांत खाली ठेवायची. ओठ सुकून पांढरे पडले, तरी ‘तहान नाही गं’ हेच चालू. मला ते पाहवत नव्हतं. हे काम मला दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं होतं आणि मी तसं बोललेही. आईच म्हणाली, ‘घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला?’ घरचा माणूस लगेच हजर झाला आणि त्याच दिवशी त्याने बाथरूम फोडलं.

मग रीतसर सगळं घडलं. गवंडी आला तर विटा नाहीत, विटा आल्या तर गवंडी नाही. नळवाला एकाच सकाळी तीन घरी काम करत होता आणि तिन्ही घरी ‘वाटेत आहे’ म्हणत होता. मी धूळ बसू नये म्हणून मशीनवर चादर टाकून काम बंद ठेवलं आणि शेजारणीच्या बाथरूमचे उपकार घेत दिवस काढले. भावोजी रोज यायचे, ढिगाऱ्याच्या कडेला उभे राहून ढिगाऱ्याचेच फोटो काढायचे आणि पुढच्या घरी जायचे.

दाराजवळची भिंत फोडून वाट रुंद केली त्या दिवशी मात्र त्यांच्या अंगात आलं. भिंतीत उघड्या विटांचं मोठं भगदाड पडलं होतं. भावोजींनी ताईकरवी आईची खुर्ची मागवली, तिच्यावर रुमाल झटकला आणि स्वतः खुर्चीत बसले.

‘बघ हं मेहुणीबाई,’ ते म्हणाले आणि चाकं फिरवत भगदाडातून आत गेले, आतून वळले आणि बाहेर आले. ‘गेली की नाही? दोन्हीकडे हात घालायला जागा! राणीसारख्या जातील आई.’

ताईने टाळ्या वाजवल्या. गवंडी दात काढून हसला. ताईने फोनवर आईला सगळं सांगितलं, आणि फोनमधून मला आईचा आवाज ऐकू आला. ‘सांगत नव्हते मी?’

मी खुर्चीकडे पाहत होते आणि विटांकडे पाहत होते. आम्ही शिवणारे लोक कापड कधीच नेमक्या मापाला कापत नाही. अंगाच्या मापाबाहेर थोडं कापड सोडतो. शिलाई पडली की ते आत जातं. त्याला आम्ही माया म्हणतो. माया सोडली नाही तर कपडा दिसायला छान होतो, पण अंगात शिरत नाही.

‘भावोजी,’ मी विचारलं, ‘माया सोडलीत ना?’

त्यांनी छातीवर हात ठेवला. ‘अगं, माया म्हणजे काय! आईंवर तर तुझ्यापेक्षा जास्त माया आहे माझी. विचार तुझ्या ताईला.’

ताईचे डोळे भरून आले. आता नवऱ्याच्या तोंडून असलं वाक्य पडल्यावर मी कापडाचा विषय काय काढणार? भिंतीचं शास्त्र वेगळं असेल म्हणून गप्प बसले. एवढी वर्षं त्या धंद्यात असलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल, असं माझ्यासारख्या खडूस बाईच्याही मनात आलं नाही.

मग गिलावेवाला आला. त्याने भगदाडाच्या दोन्ही कडांना गिलावा चढवला. वीट वाकडी होती म्हणून जरा जाडच चढवला. मग संगमरवराची चौकट आली. भावोजींनी ती मिरवत आणली, ‘जन्मात सडणार नाही’ म्हणून. ती चांगली दणदणीत होती आणि दोन्ही बाजूंनी आत आली. मग सुतार आला आणि त्याने चौकटीत दार टांगलं. ते उघडं राहिलं तरी त्याची जाडी वाटेत उभीच राहत होती. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं आणि प्रत्येकाने थोडी थोडी वाट खाल्ली. कोण किती खाणार हे आधी विचारून ठेवायला एकच माणूस नेमलेला होता, आणि तो खुर्चीत बसून राणीची सवारी दाखवत होता.

आई घरी आली. फरशा चकचकीत, दांडे बसवलेले, उंबरा काढलेला. तिने आधी बाहेरूनच सगळं पाहून घेतलं, मग जावयाकडे कौतुकाने बघत चाकांना हात घातला आणि दाराशी अडकली.

खुर्ची पुढे जाईना. आईने मागे घेऊन पुन्हा ढकलली. चाकाची कडी चौकटीला लागून कर्रकन आवाज आला. मी आईच्या पाठीशी होते, मला तिचा चेहरा दिसला नाही. तिची मान तेवढी खाली गेलेली दिसली.

‘जरा तिरकी घ्या, आई,’ भावोजी म्हणाले.

खुर्ची तिरकी कशी जाणार? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘भावोजी, ती खुर्ची आहे, बादली नाही!’

‘त्या दिवशी तर गेली होती,’ ते म्हणाले. हे ते चौकटीकडे पाहून म्हणाले, जणू रात्रीतून तीच फुगली होती. मग सुताराला फोन लागला. सुतार म्हणाला, मी मिळालेल्या चौकटीत दार बसवलं. चौकटवाला म्हणाला, मला गिलाव्याच्या आतलं माप मिळालं. गिलावेवाल्याने गवंड्याकडे बोट दाखवलं आणि गवंडी म्हणाला, शेठ स्वतः खुर्चीत बसून गेले होते, साक्षीला वहिनी आहेत. सगळ्यांनी काखा वर केल्या.

आणि आई, माझी आई, काय म्हणाली? ‘अहो, खुर्चीच मोठी दिलीये त्या दवाखान्यातल्यांनी. तुम्ही तरी काय कराल?’

तिनेही झाकलं. मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू.

भावोजींनी एवढा आधार मिळताच तोडगा काढला. दार काढून टाकायचं. दाराच्या जाडीएवढी जागा मोकळी झाली आणि खुर्ची कशीबशी आत गेली. आईच्या बोटांची सालटी चौकटीला घासून निघत होती, पण गेली. आणि दाराच्या जागी? ‘पडदा लावू. मस्त जाड कापडाचा. तूच शीव मेहुणीबाई, तुझ्या हातचा होऊ दे.’

तो पडदा मीच शिवला. आयुष्यात एवढ्या शिव्या देत मी काही शिवलेलं नाही.

त्यानंतर आमच्या घरात एक नवी रीत पडली. आईला आत जायचं झालं की ती म्हणायची, ‘धाकटे, टीव्ही जरा मोठा कर गं.’ मी टीव्ही मोठा करायचे. बातम्या ओरडायच्या, पडद्याआड आई बसलेली असायची, आणि मी मशीनवर मान खाली घालून पाय मारत राहायचे. पाणी पिणं पुन्हा दोन घोटांवर आलं. बोटांना मी मलम लावायचे. ताई यायची, पडद्याला हात लावून ‘रंग छान निवडलास’ म्हणायची. तिचंही काय चुकलं, चिंधी बांधलेल्या नळाखाली तिने संसार केला होता.

भावोजी मात्र खुशीत होते. म्हाताऱ्या माणसांसाठी बाथरूम करून देण्याचं कामच त्यांनी आता सुरू केलं होतं आणि आमचं बाथरूम त्यांचा नमुना झालं होतं. एका दुपारी ते एका नवरा-बायकोला घेऊन आले. मी खाली एका बाईला फ्रॉक द्यायला गेले होते. घराची किल्ली त्यांच्याकडे होतीच, घरचा माणूस ना. मी जिना चढत होते तेव्हा टीव्ही मोठ्याने चालू होता, आणि त्याच्यावर ताण करून भावोजींचा आवाज येत होता.

‘संगमरवरी चौकट, जन्मात सडणार नाही. आणि आत बघा...’

मी दारात पोचले तेव्हा त्यांनी पडदा सर्रकन बाजूला केला होता.

आई आत होती.

त्या परक्या बाईने आपल्या नवऱ्याला धरून उलटं वळवलं. भावोजींच्या हातात पडद्याचं टोक तसंच राहिलं. मी धावत जाऊन ते हिसकावलं आणि पडदा ओढला. टीव्हीवर कुणीतरी हसत होतं. ती दोघं माझ्याकडे न बघता जिना उतरून गेली. भावोजी म्हणाले, ‘मला काय माहीत, आवाज येत नव्हता...’ आणि त्यांची नजर टीव्हीकडे गेली.

आई बऱ्याच वेळाने बाहेर आली. तिने तोंड धुतलं होतं, केसांवर पाणी होतं. ती रडली असेल तर आत रडली. मला वाटलं, आता पुन्हा म्हणेल, मीच सांगायला हवं होतं.

‘आई, मी पडद्याला आतून एक साखळी...’ भावोजींनी सुरुवात केली.

‘जावईबापू,’ आई म्हणाली, ‘आता झाकू नका. फोडा.’

‘हो हो, गवंड्याला उद्याच...’

‘गवंडी नको. तुम्ही फोडा. आत्ता.’

मी आजवर आईला जावयाशी असं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनीही नव्हतं. गवंडी छिन्नी-हातोडा आमच्याच गच्चीवर विसरून गेला होता, तो मी आणून त्यांच्या हातात दिला. भावोजींनी छिन्नी चमच्यासारखी धरली. पहिला घाव गिलाव्यावर, दुसरा स्वतःच्या अंगठ्यावर. पांढरा शर्ट पाहता पाहता राखाडी झाला. त्या सगळ्या मेहनतीत त्यांनी पाडला तो पसाभर गिलावा, तोही एका कोपऱ्यातला. मला दया यायला हवी होती, पण नाही आली. आई खुर्चीत बसून शेवटपर्यंत बघत होती.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा अंगठ्याला पट्टी होती आणि सोबत गवंडी, गिलावेवाला, चौकटवाला आणि सुतार असे सगळे एकदमच होते. हे चौघं एका वेळी एका ठिकाणी उभे असलेले त्यांनी स्वतःही पहिल्यांदाच पाहिले असावेत. भावोजींनी कमरेची पिवळी टेप काढली. ती इतकी वर्षं मिटून होती की अडकली, सुताराने सोडवून दिली. आईचे हात चाकांवर ठेवून, कोपरं बाहेर काढून, त्यांनी खुर्चीचं माप घेतलं. मग एकेकाकडे वळून विचारलं, ‘तू किती खाणार? आणि तू?’

प्रत्येकाने आपलं सांगितलं. मी चहा टाकला होता, तो उकळायच्या आत सगळं विचारून झालं. बस्स, एवढंच काम होतं. माझ्या आईच्या बोटांची सालटी, सुकलेले ओठ आणि ती दुपार, सगळं या एवढ्याशा कामापायी.

‘अजून थोडी माया सोडू का गं?’ भावोजींनी मला विचारलं. आता त्यांना शब्द कळला होता. हल्ली ते ग्राहकांनाही सांगतात म्हणे, ‘आम्ही भिंतीत माया सोडतो,’ आणि शब्द त्यांनीच काढला असल्यासारखे हसतात. त्यांच्याकडून मला दुसरी अपेक्षाही नव्हती.

नवं दार टांगलं त्या दिवशी सगळे जमले. मी सवयीने टीव्ही मोठा केलेला होता. आईने पाणी मागितलं आणि पेला तळापर्यंत रिकामा केला. भावोजी दाराच्या बाजूला फोन धरून उभे होते, खुर्ची आत जाताना चित्रीकरण करायला. पुढच्या ग्राहकांना दाखवता येईल, असं ते सुताराला सांगत होते.

आईने दोन्ही चाकांना हात घातला आणि ती गेली. कुठे घासलं नाही, थांबायला लागलं नाही. आत जाऊन ती वळली, दाराला हात घातला आणि भावोजींच्या फोनच्या तोंडावर ते लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

भावोजींनी फोन खाली घेतला. 

मग आतून आईचा आवाज आला. ‘धाकटे, तो टीव्ही बंद कर गं. डोकं उठलंय त्याने.’

मी टीव्ही बंद केला.